कळंब्यातला गुंठा: ऐकीव काय, खरं काय

कळंब्यात गुंठा घ्यायचा म्हटलं की अख्खं घर जागा बघायला जातं. तोंड पूर्वेला की पश्चिमेला, रस्ता किती फुटांचा, शेजारी कोण, सगळं विचारून होतं. कागद मात्र एजंटच्या मोबाइलवर, चहा संपेपर्यंत बघितले जातात. नंतर जे काही निस्तरावं लागतं ते बहुतेक या चहाच्या वेळातलं असतं.

गाव वाढलं त्यामागची कारणं सरळ आहेत. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि शहराची हद्द अजून तेव्हाचीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाख माणसं मोजली गेली. त्यात २०१९ आणि २०२१चे महापूर. नदीकाठच्या पेठांत ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांची नजर दक्षिणेच्या उंचवट्याकडे वळली नसती तरच नवल. पाचगाव, मोरेवाडी आणि कळंबा त्याच बाजूला आहेत.

‘पत्ता कळंबा, म्हणजे कोल्हापूर शहरच की!’

कळंबा फिल्टर हाऊसचा भाग महापालिकेत येतो. पुढचं गाव ग्रामपंचायतीत. दोन्हीकडचे लोक पत्त्यात कळंबाच लिहितात. महसुली दप्तरात गावाचं नाव ‘कळंबे तर्फ ठाणे’ असं आहे, आणि जिल्ह्यात ‘कळंबे तर्फ कळे’ नावाचं दुसरं गावही आहे. म्हणून ऑनलाइन सातबारा काढताना आधी गावाचं पूर्ण नाव बघा, मग गट नंबर.

‘घरफाळ्याची पावती आहे, म्हणजे घर कायदेशीर.’

हा समज सगळ्यात पक्का आणि सगळ्यात महाग पडणारा. घरफाळा हा इमारतीवरचा कर आहे, ती परवानगीने बांधली असो वा विनापरवाना. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागलं, वीजमीटर बसला, नळ आला, यांतल्या कशानेही बांधकामाला मंजुरी मिळत नाही. (तलाठ्याकडचा ८अ हा वेगळाच उतारा. तो जमिनीच्या खात्याचा असतो. एजंट मंडळी दोन्ही एका दमात सांगतात.)

मग मंजुरी कोण देतं? भोवतालची गावं शहरात घ्यायची की नाही, हा हद्दवाढीचा वाद मिटेना, तेव्हा २०१७ साली शासनाने शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं. कळंबा त्यात आहे. गावठाणाबाहेरचा लेआउट किंवा बांधकामाचा नकाशा या नियोजन यंत्रणेकडून मंजूर व्हावा लागतो. सरपंचांनी सही-शिक्क्यानिशी दिलेला ‘ना हरकत’ दाखला हा बांधकाम परवाना नव्हे. सरपंच कितीही जवळचे असले, तरी नव्हे.

‘सातबाऱ्याला नाव लागलंय, आता कसली भीती?’

सातबारा ही महसुलाची नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत कायदा ती खरी मानतो, पण मालकी ठरते ती मूळ दस्तांवरून, वारसांच्या हक्कांवरून, आणि वाद झालाच तर कोर्टात. खरेदीपत्र नोंदलं म्हणजे सरकारने मालकी तपासून दिली, असंही होत नाही. ते तपासणं घेणाऱ्याचंच काम.

शहराभोवतालच्या गावांतली खरी मेख वेगळीच आहे. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून हे प्रमाण राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. म्हणून काय करतात, तर दहा गुंठे दहा अनोळखी माणसांना मिळून एकाच दस्ताने विकतात. सातबाऱ्यावर दहा नावं सामाईक लागतात. प्रत्येकाला वाटतं आपल्याला आपला गुंठा मिळाला. प्रत्यक्षात त्याला मिळालेला असतो अविभक्त हिस्सा. कोपऱ्यावरचा गुंठा नेमका त्याचा, असं त्या उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नसतं. बँकेत कर्जाला गेला की उरलेल्या नऊ जणांची संमती आणायला सांगतात, विकायला काढला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. चुन्याने आखलेला तो ‘प्लॉट’ कोणत्याच सरकारी नकाशावर नसतो.

‘पण तुकडेबंदी उठली ना?’ असं आता प्रत्येक चहाच्या गाड्यावर ऐकू येतं. सरसकट नाही उठली. २०२५च्या अध्यादेशाने शहरी आणि प्राधिकरणांच्या क्षेत्रांतले, बिगरशेती वापराच्या जमिनींचे, १५ ऑक्टोबर २०२४पर्यंतचे जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याची वाट दिली. त्यात नियमित होतो तो व्यवहार. त्या तुकड्यावरचं विनापरवाना घर नव्हे. गुंठेवारी कायदाही ठरावीक तारखेपर्यंतच्या जुन्या प्लॉटांपुरताच. मूळ कायदा २००१चा, २०२१च्या दुरुस्तीने त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. पुढच्या वेळी आणखी सरकेल, या भरवशावर आज घर बांधणं हा निव्वळ जुगार आहे.

‘एनए प्लॉट आहे, मग काय बघायचं?’

एनए म्हणजे जमिनीचा बिगरशेती वापर. विकास आराखड्यात रहिवासी क्षेत्रात आलेल्या जमिनींसाठी ही प्रक्रिया गेल्या काही वर्षांत पुष्कळ सोपी झाली, ते चांगलंच आहे. पण एनए म्हणजे लेआउट मंजुरी नाही आणि बांधकाम परवानाही नाही. बघायचा असतो तो मंजूर लेआउटचा नकाशा. त्यात प्लॉटचे नंबर आणि मापं असतात, रस्ते किती रुंदीचे ते असतं, आणि मोकळी जागा दाखवलेली असते.

या मोकळ्या जागेवर थोडं थांबायला हवं. २०२०च्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. चाळीस गुंठ्यांतले चार. मंजूर लेआउटमध्ये ही जागा विकता येत नाही, ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची. नकाशाच मंजूर नसेल तर हे चार गुंठेही विकले जातात, आणि पोरं खेळतात रस्त्यावर. रस्ताही मग नियमातला नऊ मीटर न राहता पंधरा-वीस फुटांचा होतो. अग्निशमनची गाडी तिथे वळणार कुठे?

महारेराची नोंदणी फक्त फ्लॅटसाठी, हाही असाच एक समज. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तरी नोंदणी लागते. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे.

‘हद्दवाढ झाली की सगळं आपोआप नियमित.’

हद्दवाढीने कारभार करणारी संस्था बदलते, करआकारणी बदलते. विनापरवाना भिंत परवान्याची होत नाही. गावांचा विरोध आणि शहराचा आग्रह, हे राजकारण वर्षानुवर्षं चाललंय, त्यावर आपल्या आयुष्यभराच्या कमाईचं गणित बसवू नये.

‘तलाव शेजारी, पाण्याला काय कमी? आणि पूर तर येतच नाही.’

कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरला पाणी द्यायला बांधला. कात्यायनी डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांवर तो भरतो, म्हणजे पावसाच्या मर्जीवर. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३च्या अखेरीस आलं, पण ती योजना महापालिकेची, शहरासाठीची. पंचगंगेचा पूर इथे येत नाही हे खरं. पण डोंगराकडचे ओढे बुजवून प्लॉट पाडले, तर नदीशिवायही पाणी घरात शिरतं. सातबाऱ्यावर ओढा नसला तरी गावनकाशात दिसतो. तो बघा.

तेव्हा संचकार देण्याआधी एकच करा. गट नंबर घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची प्रत स्वतः मागा. प्रत मिळाली नाही, तर एजंटला पैसे देऊ नका.