कणगीच्या आत, कणगीच्या बाहेर

भाताची कणगी, म्हणजे कामट्यांची विणलेली गोल कोठी, आतून आणि बाहेरून एकाच शेणामातीने लिपतात. हात तोच, कालवण तेच, थराची जाडीही जवळपास तीच. तरी या दोन थरांचे नशीब अगदी उलटे असते. बाहेरचा थर वाळताना कणगीला आवळत जातो, आतला थर वाळताना तिच्यापासून सुटू पाहतो. कामट्यांच्या विणीच्या अल्याड-पल्याड, बोटभर अंतरावर, निसर्गाचा एकच नियम दोन विरुद्ध दिशांना ओढत असतो. मला हे कळले तेव्हापासून कुठलीही गोल भिंत मी निवांतपणे पाहू शकलेलो नाही.

कारण साधे आहे. चिकणमातीचे कण चपट्या, अतिसूक्ष्म पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरलेले असते. पाणी उडून गेले की पापुद्रे एकमेकांजवळ सरकतात आणि सगळा थर आखडतो. सपाट भिंतीवर हे आखडणे भिंतीच्या अंगाने, आडवे-उभे होते. फार तर तडे जातात. वळणावर मात्र त्याला दिशा मिळते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती थंड होताना चाकाला करकचून आवळते, तसा बाहेरचा गिलावा कणगीला धरतो. आतल्या बाजूने तीच ओढ मध्याकडे, म्हणजे पोकळीकडे जाते. थर भिंतीवरून सोलून काढल्यासारखा ओढला जातो.

ही ओढ किती, याचा हिशेबही सुंदर आहे. थर दुप्पट जाड केला तर ओढ दुप्पट. गोलाचा व्यास निम्मा केला तरी ओढ दुप्पट. म्हणून अरुंद गोलाईच्या आतून जाड थर एका दमात थापणे म्हणजे तो पडावा अशीच व्यवस्था करणे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवर या अडचणीचे उत्तर कुडाच्या भिंतीत दिसते. माहुली, आजोबा, सिद्धगड या डोंगरांच्या उतारांवर कारवी माजलेली असते. हे झुडूप साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळे रान एकदम जांभळे होते, बी धरते आणि मरते. तिच्या सरळ, खरबरीत काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून, आडव्या पट्ट्यांना बांधून कूड उभारतात. काठ्यांमध्ये बारीक फटी राहतात आणि त्या फटींतच खरी गंमत आहे. हाताने दाबून लावलेला चिखल फटीतून पलीकडे जातो, तिथे फुगतो आणि वाळला की काठीमागे अडकलेली गुंडी होतो. दुसऱ्या बाजूने लिपले की दोन्हीकडचे थर या गुंड्यांनी एकमेकांना धरतात. कणगीच्या विणीतही हेच होते. आतल्या थराला सुटायचे असते, पण त्याचे शेकडो हात विणीतून बाहेर जाऊन बाहेरच्या थराला धरून बसलेले असतात. आणि बाहेरचा थर तर आवळतच असतो! एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने भागवलेला आहे.

या मातीत भाताचा तूस आणि चिरलेला पेंढा मिसळतात, तो नुसता माती वाढवायला नव्हे. तडा जायला लागला की हे तंतू दोन्ही काठांना धरून ठेवतात. एक मोठी भेग पडण्याऐवजी नजरेला न दिसणाऱ्या अनेक बारीक भेगा पडतात. तुसात सिलिका भरपूर असल्याने तो लवकर कुजत नाही. शेणात गायीने चावून बारीक केलेले गवताचे तंतू असतात, शिवाय चिकट सेंद्रिय पदार्थ असतात. ते मातीच्या कणांना बांधतात आणि पाण्याने विरघळण्यापासून थोपवतात. दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ही लहान गोष्ट नाही. हा थर हवेतला दमटपणा शोषतो आणि ऊन पडले की सोडतो, म्हणून आतले भात कोरडे राहायला मदत होते. भात टिकवायचे तर त्यातला ओलावा चौदा टक्क्यांच्या आत राहावा लागतो.

आता गवंड्याकडे येऊ. बंगल्याच्या पोर्चमधल्या गोल खांबाला गिलावा करताना तो आधी काँक्रीटला टाचे मारतो, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत करतो. कारवीची फट इथे छिन्नीने तयार करावी लागते. मग खांबाच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक असे मसाल्याचे गोल कडे करतो. ही दोन कडी प्लायवूडच्या अर्धगोल फर्म्याने तपासायची, ओळंब्याने एका रेषेत आणायची. पुढचे काम विलक्षण सोपे होते: मध्ये मसाला भरायचा आणि सरळ पट्टी दोन्ही कड्यांवर टेकवून उभी फिरवायची. गोल खांब सरळ पट्टीने घडतो, कारण नळकांड्यावर आडवे वळण असले तरी उभी रेष सरळच असते. फर्मा कापताना जाडी विसरायची नाही. तीनशे मिलीमीटर व्यासाच्या खांबावर बारा मिलीमीटरचा थर दिला की व्यास तीनशे चोवीस होतो. आतून गोल असलेल्या भिंतीत उलट, त्रिज्या बारा मिलीमीटरने घटते.

कणगीला मात्र ही पट्टी चालत नाही. तिचे पोट फुगीर असते, तोंड आत घेतलेले असते. तिथे कुठल्याच दिशेला सरळ रेष सापडत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये सिद्ध केले की अशी दुहेरी वळणाची पृष्ठे सपाट पत्र्यातून, न ताणता न फाडता, कधीच बनवता येत नाहीत. कागदाची नळी होते. चेंडूवर तोच कागद चुण्या पडल्याशिवाय बसत नाही. जगाच्या सपाट नकाशात काही ना काही वेडेवाकडे होतेच, तेही याच कारणाने. कणगी विणणारा पोटाशी कामट्या फाकवतो आणि तोंडाशी जवळ घेतो, म्हणजे गाऊसने घातलेली अट हातानेच पाळतो. लिपणाऱ्या बाईजवळ अशा पृष्ठासाठी योग्य असे एकच हत्यार असते. तळहात. तो दर वितीला वेगळा वाकतो. कुठलाही फर्मा ते करू शकत नाही, आणि मला तर हे अख्ख्या विषयातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

खरबरीत पाया आणि मातीत तंतू, हीच विद्या अजिंठ्याला आहे. तिथल्या कारागिरांनी दगडावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवले, त्यावर माती, दगडाची भुकटी, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस यांचा जाड थर दिला, वर बारीक मातीचा, शेवटी चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. दहाव्या लेण्यातल्या अष्टकोनी खांबांवरही असा गिलावा आहे आणि त्यावर बुद्ध रंगवलेले आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवून दिले. तंतू कोणता घ्यायचा हे जागेनुसार बदलले. तंतू हवाच, हे बदलले नाही.

आता शहापूर-मुरबाडकडे पत्र्याच्या कोठ्या आल्या, घरे विटा-सिमेंटची झाली. सिमेंट मजबूत आहे यात वाद नाही. पण गोलाईत त्याची एक उणीव उघडी पडते. एकदा आळलेले सिमेंट पाण्याने पुन्हा मऊ होत नाही, त्यामुळे आतल्या वळणावरचा थर सुटला आणि ठोकल्यावर पोकळ वाजू लागला, की तो फोडून नव्यानेच करावा लागतो. मातीचे तसे नाही. झोडणी आटोपली, नवे भात भरायची वेळ आली, की कणगीवर पाण्याचा हबका मारतात. जुना थर वरच्यावर मऊ पडतो, भेगा तोंड उघडतात, आणि शेणामातीचा नवा पातळ हात जुन्यात मिसळून जातो. गेल्या वर्षी वाळताना आखडून उरलेल्या जागेत यंदाची माती शिरते. दर सारवणीला भेगा कमी होत जातात, कारण आधीचा थर आपले आखडणे आधीच आटपून बसलेला असतो.