मधून मोजला तर सहावा

भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ सहज बोलून गेले, ‘पोराची दाढ किडली होती, काढून टाकली. येईल दुसरी.’ पोरगा नऊ वर्षांचा. दुसरी येणार नव्हती. ते बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून लहान मुलांचे दात बघणाऱ्या तिथल्याच एका दवाखान्यात जाऊन बसलो.

खाली टेम्पोत कापडाचे तागे चढत होते, मागच्या गल्लीत मागांची खडखड. आत लवंगेच्या तेलाचा वास. घरी गेल्यावरही शर्टाला येत होता.

खुर्चीत सात वर्षांची मुलगी. ‘ताई, मधून मोजा बरं,’ डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. आईने मोजलं. ‘हा सहावा. कायमचा आहे.’

‘पन म्याडम, तिथला दात पडलाच नाय, मंग नवा कसा आला?’

मला तर हा प्रश्न अगदी रास्त वाटला. दात पडला की नवा येणार, हे घराघरांत ठाऊक असतं. सहावा मात्र दुधाच्या दातांच्या मागे, सहाव्या वर्षाच्या आसपास, कुणालाही न पाडता उगवतो. वर यायला कित्येक महिने घेतो, तोवर शेजाऱ्यांपेक्षा बुटका. ब्रश वरूनच निघून जातो. त्याच्या खाचांत ब्रशचा केस शिरत नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा बरोबर शिरतो.

त्या खाचा बुजवायच्या होत्या. दात घासून निळं आम्ल लावलं, धुतलं, वाळवलं. तेवढाच भाग खडूसारखा पांढरा झाला. आता थुंकीचा थेंब लागला तर सगळं वाया. मदतनीस मावशी दोन बोटांनी गाल ओढून धरून, श्वास रोखल्यासारख्या उभ्या. पातळ लेप खाचांत उतरला, वर निळा प्रकाश, वीसेक सेकंद. ‘आंबट लागलं,’ मुलगी म्हणाली. मावशींनी बोट काढलं आणि पुढच्या बाईला हिंदीत मोजून दाखवायला लागल्या: सहावा, सहावा.

‘पालकांना काही माहितीच नसते हो,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. हे मला पटलं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी याच आया मुलांना डीपीटीच्या बूस्टरला नेतात. त्या सुईबरोबर ‘सहावा बघा’ एवढं कोण सांगतं? मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो पालघरमधून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच. त्याच्या यादीत दातांची कीड आहे. पण शाळेत पथक वर्षातून एकदा येतं, आणि पालक त्या वेळी कामावर.

पुढचा मुलगा आठ वर्षांचा. सहावा काळा पडलेला, रात्री ठणकतो. मुळाचं टोक अजून उघडं, ते पुरं व्हायला नऊ-दहा वर्षं उजाडतात. त्यामुळे मोठ्यांसारखं सरळ रूट कॅनाल करता येत नाही. बाई हे समजावत होत्या, बापाला एवढंच हवं होतं : किती फेऱ्या?

‘चार-पाच तरी.’

एक फेरी म्हणजे एक पाळी बुडणार. ‘शुक्रवारचंच द्या, माग बंद असतात,’ तो म्हणाला.