जवळा, समुद्रशैवाल आणि पाचवी चव

मालाड स्टेशनला पश्चिमेकडे उतरून मार्वे रस्त्याने मढपर्यंत गेले की वाटेत दोन वास भेटतात. पहिला स्टेशनाजवळचा. संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात, मोठ्या आचेवर कढई तापते, लसूण आणि सोया सॉस यांचा वास सुटतो. दुसरा रस्त्याच्या शेवटी, मढच्या कोळीवाड्यातला. तिथे दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात आणि जमिनीवर जवळा पसरलेला असतो. पहिल्या वासाने तोंडाला पाणी सुटते, तर दुसऱ्या वासाने काहीजण नाकाला रुमाल लावतात. शाळेत डब्यातल्या सुकटीवरून मुलांना चिडवले जाते, तेही या वासामुळेच. परंतु या दोन्ही ठिकाणच्या पदार्थांना चव आणणारी द्रव्ये एकाच घराण्यातली आहेत. ती कशी, हे या लेखात पाहू.

चीनमधल्या घरातले सूप

गाडीवरचे मांचुरियन हा चीनमधला पदार्थ नव्हे. तो १९७५च्या सुमारास मुंबईतच नेल्सन वँग यांनी प्रथम केला असे सांगतात. चीनमध्ये घरोघरी होणारे रोजचे सूप याहून फार साधे असते. पाण्याला उकळी आणायची, त्यात वाळवलेल्या जांभळट समुद्रशैवालाचे तुकडे आणि चिमूटभर सुकी बारीक कोळंबी टाकायची, फेटलेले अंडे धारेने सोडायचे आणि वर कांद्याची पात पेरायची. पाच मिनिटांत सूप तयार होते.

या सूपमधले शैवाल पॉर्फायरा आणि तिच्या निकटच्या प्रजातींतले असते. जपानी लोक त्याचेच कागदासारखे पातळ ताव करतात व त्याला नोरी म्हणतात. या गटातले शैवाल पावसाळ्यात कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील कातळांवरही उगवते, मात्र आपल्याकडे ते खाण्याची प्रथा नाही. सूपमधली सुकी कोळंबी तर आपल्या आणखी जवळची आहे. तिला चिनी भाषेत श्यापी म्हणतात आणि ती मुख्यतः ॲसिटिस चायनेन्सिस या जातीची असते. आपला जवळा म्हणजे ॲसिटिस इंडिकस. प्रजाती एकच, जाती वेगळ्या. म्हणजे शांघायच्या स्वयंपाकघरातली चिमूट आणि मढच्या कोळणीच्या टोपलीतला जवळा ही चुलत भावंडेच म्हणायची.

चवीचा शोध

आपण लहानपणापासून सहा रस पाठ करतो : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. यांपैकी तिखट ही खरे तर दाह व वेदनेची जाणीव आहे आणि तुरटपणात स्पर्शाचा मोठा भाग असतो. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रातही बराच काळ गोड, आंबट, खारट व कडू या चारच मूलभूत चवी मानल्या जात. मग कालवणाला येणाऱ्या भरदार चवीला काय म्हणावे?

हाच प्रश्न टोकियो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना पडला होता. जपानमध्ये कोंबू नावाच्या तपकिरी समुद्रशैवालाचे पाणी अनेक सूपांचा पाया असते. त्याची चव या चारांत बसत नाही हे त्यांच्या लक्षात आले. १९०८मध्ये त्यांनी सुमारे १२ किलो कोंबूपासून सुमारे ३० ग्रॅम ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. हे अमिनो आम्ल नवे नव्हते. रिटहाउजेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८६६मध्येच गव्हाच्या प्रथिनातून मिळवले होते. चवीशी त्याचा संबंध मात्र इकेदा यांनी प्रथम दाखवला. त्या चवीला त्यांनी 'उमामी' हे नाव दिले. या आम्लाचा सोडियम क्षार १९०९मध्ये अजिनोमोटो या नावाने बाजारात आला. गाडीवाला कढईत टाकतो ती पांढरी पूड हीच.

पुढे १९१३मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हे दुसरे चवद्रव्य सापडले. १९५७मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट या तिसऱ्या द्रव्याची चव दाखवून दिली; शिताके नावाच्या सुक्या अळंब्यांत ते भरपूर असते. कुनिनाका यांच्या हाती आणखी एक महत्त्वाची गोष्ट लागली. ग्लुटामेट आणि ही दोन द्रव्ये एकत्र आली की चवींची नुसती बेरीज होत नाही, चव कित्येक पट वाढते.

असे का व्हावे? जिभेवरील काही पेशींच्या पृष्ठभागावर टी१आर१ व टी१आर३ या दोन प्रथिनांची जोडी असते. ती उमामीची ग्राहक आहे हे २००२मध्ये स्पष्ट झाले. यातील एका प्रथिनाचा आकार उघड्या चिमट्यासारखा असतो. ग्लुटामेट आत शिरले की चिमटा मिटतो व मेंदूकडे संदेश जातो. इनोसिनेट शेजारीच बसून चिमटा मिटलेला धरून ठेवते, त्यामुळे थोड्या ग्लुटामेटनेही मोठा संदेश जातो.

सुकवल्याने काय होते?

मासा मेल्यावर त्याच्या पेशींतील ऊर्जावाहक एटीपीचे विघटन होऊन इनोसिनेट तयार होते. कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांत त्याचेच भावंड असलेले ॲडेनिलेटही बरेच साठते. प्रथिने अंशतः तुटून त्यांतील अमिनो आम्ले मोकळी होतात. उन्हात पाणी उडून गेले की ही सारी द्रव्ये एकवटतात. म्हणून कालवणाला चव आणायला मूठभर जवळाही पुरतो. त्यात टोमॅटो पडला की ग्लुटामेटची भर पडते, कारण १०० ग्रॅम पिकलेल्या टोमॅटोत सुमारे १५० ते २५० मिलिग्रॅम मुक्त ग्लुटामेट असते. चिनी गृहिणी शैवाल व श्यापी एकत्र करते, आपण टोमॅटो व जवळा एकत्र करतो. नियम तोच.

पांढऱ्या पुडीची भीती

चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, छाती धडधडते असे एका डॉक्टरांचे पत्र १९६८मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि या पुडीविषयी भीती पसरली. नंतरच्या चाचण्यांत, कोणाला पूड दिली व कोणाला नाही हे दोन्ही बाजूंना माहीत नसताना, ही लक्षणे सातत्याने आढळली नाहीत. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा अधिक पूड घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, असे १९९५च्या अमेरिकी तज्ज्ञ-अहवालात नोंदले आहे. एका वाढणीत ती सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असते. या पुडीत सुमारे १२ टक्के सोडियम असते, तर मिठात सुमारे ३९ टक्के. अर्थात ती निकृष्ट पदार्थाची बेचव झाकायलाही वापरता येते. तेव्हा गाडीवर पुडीच्या आधी तेल आणि पाणी पाहावे.

काळजी घ्यायची ती शैवालाची. कोंबू व त्याच्या जातीच्या तपकिरी शैवालांत आयोडीन अतिशय असते आणि रोज खाल्ल्यास थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होतो. नोरीत ते बरेच कमी असते. मार्वे किंवा आक्साच्या किनाऱ्यावरचे शैवाल तोडून कधीही खाऊ नये. इथल्या खाड्यांत शहराचे सांडपाणी मिसळते आणि शैवाल जड धातू शोषून घेते.

वर्गात करून पाहा

२ चमचे सुका जवळा दोन-तीन पाण्यांत धुऊन रेती काढा आणि २ कप पाण्यात १० मिनिटे उकळून फडक्याने गाळा. हे 'अ' पाणी. नोरीचे २ ताव २ कप पाण्यात तसेच उकळून गाळा. हे 'ब' पाणी. दोन्हींत पाव-पाव चमचा मीठ घाला. आता दोन्ही समप्रमाणात मिसळून 'क' तयार करा. नोरी न मिळाल्यास एक मोठा टोमॅटो चालेल, पण त्याचा आंबटपणा ओळखू येतो हे ध्यानात ठेवा. शाकाहारी मुलांसाठी जवळ्याऐवजी सुके शिताके घ्या आणि त्यासाठी भांडी वेगळी ठेवा. कोळंबीची ॲलर्जी कोणाला आहे का, हे पालकांना आधी अवश्य विचारा.

पेल्यांवर फक्त खुणेचे आकडे घाला. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून प्रत्येकाने एकेक चमचा चाखावा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी आणि कोणती चव सर्वांत भरदार वाटली ते लिहावे. 'क'मध्ये दोन्ही अर्क निम्मेच आहेत. चवींची नुसती बेरीज होत असती, तर 'क' हा 'अ' व 'ब' यांच्या मध्ये कुठेतरी लागला असता. तो दोघांच्या वर लागला, तर कुनिनाका यांचा शोध मुलांनी आपल्या जिभेने पडताळला असे होईल.

नाक बंद करण्यामागे आणखी एक हेतू आहे. सुक्या मासळीचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनसारख्या बाष्पनशील द्रव्यांचा असतो आणि तो नाकाला कळतो. उमामी जिभेला कळते. नाक बंद असताना ज्या मुलाला जवळ्याचे पाणी आवडले, त्याला शेजाऱ्याच्या डब्याला नावे ठेवताना एकदा तरी विचार करावा लागेल. जमल्यास त्या दिवशी जवळा निवडायची आणि धुवायची रीत एखाद्या कोळी विद्यार्थ्याच्या आईकडून वर्गाला शिकवून घ्यावी. ती त्या विषयातली जाणकार आहे.

उरलेल्या 'क' पाण्याला उकळी आणून, त्यात एक फेटलेले अंडे धारेने सोडले आणि वर कांद्याची पात टाकली की सुरुवातीला सांगितलेले सूप तयार! प्रयोगात किती मुलांनी 'क' निवडला आणि किती जणांनी नाही, हे दोन्ही आकडे आम्हाला जरूर कळवा.