गळती मे महिन्यात होते, जूनमध्ये दिसते

गेल्या काही वर्षांत आपल्या परिचयाच्या कुटुंबांकडे अधूनमधून एक नवे वाहन दिसू लागले आहे. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेले, आत झोपण्याची बाके, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि टपावर एसी असलेले. शासकीय भाषेत ती कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. घरच्या भाषेत मात्र ती ‘यात्रेची गाडी’. मांगीतुंगी, बलसाणे किंवा कन्नडचा घाट चढून वेरूळ, अशा ठिकाणी वडीलधाऱ्यांना सुखरूप न्यायचे आणि सूर्यास्तापूर्वी आपल्याच ओट्यावरचे जेवण द्यायचे, तर हिच्यासारखी सोय नाही. अशी गाडी पाहायला आलेला प्रत्येक जण इंजिन विचारतो, मायलेज विचारतो. टपाविषयी कोणी विचारत नाही. वास्तविक अशा गाडीचे आयुष्य पुष्कळदा टपच ठरवतो.

आपल्या खानदेशात तर अधिकच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेहून कितीतरी अधिक तापतो. एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा एका अंशाने तापला की सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा 0.023. आकडे अगदीच क्षुल्लक वाटतात. परंतु ज्याने आयुष्यभर व्याजाचे हिशेब केले, तो क्षुल्लक आकड्याला प्रथम मुदतीने गुणतो आणि मग मत देतो. सहा मीटरचा टप पहाटे 25 अंशांवर आणि भर दुपारी 65 अंशांवर असेल, तर पोलाद जवळजवळ तीन मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम साडेपाच मिलिमीटर वाढते व रात्री पुन्हा आक्रसते. हे दररोज, सबंध उन्हाळाभर चालते. सांध्यातील लेप लवचीक असेपर्यंत हा ताण सोसतो, उन्हाने कडक झाला की त्याला केसासारखी चीर पडते. पहिल्या पावसात जे टपकते, ते असे आधीच घडून गेलेले असते.

जुन्या खानदेशाला हे नीट ठाऊक होते. आपल्याकडील धाब्याची घरे आठवा. लाकडी सरांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर माती आणि सर्वांत वर खारी, म्हणजे ती पांढरट खारट माती. खारीत सोडियमचा अंश अधिक असल्याने ती भिजली की तिचे कण सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. परंतु उन्हाळ्यात धाब्याला भेगा पडत, म्हणून दर वर्षी पावसाआधी नवी खारी टाकली जाई. गळायला लागल्यावर नव्हे, आधी. आज चाकांवरच्या घराला नेमकी हीच शिस्त हवी. माझ्या मते तपासणीचा मुहूर्त आखाजीनंतर आणि मृगापूर्वी.

जळगावातील चार नातलग कुटुंबांनी मिळून घेतलेल्या एका गाडीची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. मागच्या बाकावर, जेथे घरातील आजी झोपत, तेथे पाणी टपकू लागले. एका कारागिराने आतून, टपकत होते त्याच जागी सिलिकॉन भरले. पंधरा दिवसांनी पाणी दोन हात पुढे, इन्व्हर्टरच्या कपाटात उतरले. तेथेही सिलिकॉन भरले गेले. पाणी आणि वीज एका कपाटात आल्यावर मात्र सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. विजेचा पुरवठा तोडून गाडी अंगणात उलट्या तोंडाने, म्हणजे पुढची बाजू उताराकडे करून उभी केली, तेव्हा मागचे टपकणे थांबले आणि ते ड्रायव्हरच्या डोक्यावर सुरू झाले! छिद्र एकच होते, टपावरच्या सामानाच्या कॅरिअरच्या एका बोल्टाशी. बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामधल्या पोकळीत शिरलेले पाणी उतार आणि आडवे दांडे पाहून हवे तेथे जाते. टपकण्याची जागा हा फक्त निर्गम, प्रवेश नेहमी वरच्या अंगाला शोधावा.

शोधण्यापूर्वी पाणी कोणते, हे ठरवावे. पाऊस नसतानाही ओल असेल आणि सर्व नळ बंद असताना टाकीचा पंप मध्येच आपोआप सुरू होत असेल, तर दोष टपात नसून नळजोडात आहे. तिसरे पाणी आपल्या श्वासाचे. धुळ्याच्या डिसेंबरातील थंडीत खिडक्या गच्च लावून चौघे झोपले, तर पहाटे पत्र्याला आतून दव सुटते. त्याला लेप नको, वरची झडप दोन बोटे उघडी ठेवली की पुरे.

पावसाचेच पाणी ठरले, तर दोन माणसे हवीत. एक आत विजेरी घेऊन, दुसरा बाहेर साधी रबरी नळी घेऊन. पाण्याचा जोर नको, जोराचा फवारा धडधाकट सांध्यातूनही पाणी घुसवतो आणि भलतेच निदान होते. सुरुवात खालून करावी. आधी खिडक्यांचे रबर, मग दिवे, मग पत्र्याचे जोड, शेवटी टपावरची एसीची चौकट, झडप आणि बोल्ट. प्रत्येक जागी दहा मिनिटे. आधीच वरून पाणी सोडले तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. एवढ्यानेही पत्ता लागला नाही, तर एका खिडकीतून ब्लोअरने आत हवा भरावी, इतर फटी बंद कराव्यात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडा येईल, तेथे बोट ठेवावे. सायकलचे पंक्चर काढणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

दुरुस्तीत घाई हाच मोठा खर्च. जुना लेप पूर्ण खरवडून, जागा स्पिरिटने पुसून, उन्हात कोरडी होऊ द्यावी. बोल्ट किंवा चौकट काढून तिच्याखाली ब्युटाइल टेप घालावी, पुन्हा आवळावी आणि कडेने पॉलियुरेथेनचा सीलंट द्यावा. तो ताणला जातो, तुटत नाही. साधे सिलिकॉन स्वस्त आणि हाताशी असते, पण त्याच्यावर पुढे दुसरे काही नीट चिकटत नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते तर पत्र्याला गंजही आणते. आतला प्लाय दाभणाने टोचून पाहावा. दाभण लोण्यासारखे आत गेले, तर तेवढा तुकडा कापून बदलण्याला पर्याय नाही. वरून सनमायका चिकटवणे म्हणजे बुडीत कर्ज नव्या खात्यात लिहिणे.

आपल्या घरांत चातुर्मासात लांबचा प्रवास टळतो आणि गाडी ऐन पावसाचे चार महिने एका जागी उभी राहते. तिच्यावर ताडपत्री गच्च आवळून ठेवतात, हे मला पटत नाही. ओल आतच कोंडते. गाद्या काढून घरात ठेवाव्यात, कपाटे उघडी ठेवावीत, आठवड्यातून एकदा कोणीतरी आत जाऊन नाकाने तपासणी करावी. एकदा बुरशी धरली की ती साफ करणे हा आपल्या घरांतील बायकांना केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, जीवहिंसेचा होतो. म्हणून ती येऊच न देणे बरे.

आणि कोणी जुनी गाडी घेण्याच्या विचारात असेल, तर सौदा भर पावसात, जुलैत करावा. विकणाऱ्याने आत उदबत्ती लावून ठेवली असेल, तर नमस्कार करून आधी मागची गादी उचलून पाहावी.