युद्धातले चषक (भाग ९) : छावणीच्या नावावर कप

हैदराबाद सिटी पोलीस फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब आज या सदरात येणार होते. तसा शब्दच दिला होता मी, त्या संघावरची टिपणंही काढून ठेवली होती. पण मंगळवारी सेलूहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. हल्ली पोस्टकार्ड येतं याचंच आधी अप्रूप, त्यात अक्षर असं की शुद्धलेखनाच्या वहीत शोभावं. मजकूर थोडक्यात असा : आयर्लंडवर तुम्ही दोन भाग खर्ची घातलेत. बेलफास्टवर बॉम्ब पडत होते तरी तिथला कप कसा चालू राहिला, हेही समजलं. पण त्याच सालांत मुंबईचा फुटबॉलचा रोव्हर्स कप चालू होता की बंद? चालू असेल तर खेळत कोण होतं? आणि तळाला, जागा संपत आली तरी कोपऱ्यात कोंबलेलं एक वाक्य : घरचं सोडून दारची उठाठेव कशाला?

गुरुजींनी छडी बरोबर जागी मारली. तेव्हा रहीमसाहेब पुढच्या आठवड्यात.

रोव्हर्स चालू होता. १९३९ ते १९४६, एकाही वर्षी खाडा नाही. विजेत्यांची यादी मी फार वर्षांपूर्वी एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतली होती. डावीकडे साल, उजवीकडे संघ, मध्ये पट्टीनं मारलेली रेघ. १९३९ ला तोफखान्याची २८ वी फील्ड रेजिमेंट. १९४० ला कलकत्त्याचं मोहमेडन स्पोर्टिंग. १९४१ वेल्श रेजिमेंट, १९४२ बाटा स्पोर्ट्‌स क्लब, १९४३ रॉयल एअर फोर्स. इथपर्यंत सगळं ओळीत बसलं. १९४४ ला आलो आणि नाव ओळीबाहेर गेलं : ब्रिटिश बेस रिइन्फोर्समेंट कँप. शेवटी ‘ब्रि.बे.रि.कँ.’ असं लिहून मोकळा झालो. १९४५ ला मिलिटरी पोलीस आणि १९४६ ला पुन्हा तेच ब्रि.बे.रि.कँ.

तेव्हा मला ही यादी निव्वळ रुक्ष वाटली होती. ना कुणी ओळखीचा क्लब, ना कुणी नावाजलेला खेळाडू. कितीतरी दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, की जे नाव वहीत मावलं नाही तीच यातली खरी गोष्ट आहे.

रिइन्फोर्समेंट कँप म्हणजे भरतीची माणसं येऊन थांबण्याची जागा. बोटीनं सैनिक उतरायचे, छावणीत राहायचे, हुकूम आला की पुढे जायचे. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत असली ताटकळणारी फौज कितीतरी आधीपासून राहत आलेली. तिथं बोटीची वाट बघून बघून माणसं भ्रमिष्ट व्हायची, म्हणून इंग्रजीत वेड लागलेल्याला ‘डुलाली’ म्हणू लागले. देवळालीचा हा असा एक शब्द साहेबाच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे. तर अशा छावणीला स्वतःची माणसं नसतात, असतात ती वाटेवरची. धर्मशाळेनं कुस्तीचा फड जिंकावा तसा हा प्रकार! १९४४ ला जिंकलेल्या अकरांतले किती जण १९४६ च्या संघात असतील? नाव तेच राहिलं असलं तरी माणसं तीच असण्याचं काही कारण नाही. मधल्या दोन वर्षांत वाहतुकीची दिशाही फिरली होती. १९४४ ची फौज ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालेली, १९४६ ची घरी जायच्या बोटीकडे डोळे लावून बसलेली.

आता याच्या शेजारी पहिलं महायुद्ध ठेवून बघा. रोव्हर्स सुरू झाला १८९१ ला, आणि तो बहुतेक गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. बंगलोर मुस्लिम्सनी १९३७ ला जिंकेपर्यंत हिंदी संघाचा त्याला हात लागला नव्हता. (त्यांनी १९३८ लाही जिंकून, पहिला विजय नशिबाचा नव्हता हे दाखवून दिलं.) १९१४ ला युद्ध पेटलं, हिंदुस्थानातल्या बहुतेक गोऱ्या पलटणी युरोपकडे रवाना झाल्या आणि कप बंद पडला. खेळणारेच गेले, कप कोण खेळणार? दुसऱ्या युद्धात नेमकं उलट झालं. मुंबई हे सगळ्या पूर्व आघाडीचं दार झालं, दर बोटीतून हजारो तरणी पोरं उतरू लागली आणि कूपरेज मैदानावर संघांची वाण पडली नाही. पहिल्या युद्धात फौज इथून गेली, दुसऱ्यात ती इथे आली. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे.

आयर्लंडशी तुलना गुरुजींनी मागितलेली नाही, पण माझ्याच्यानं राहवत नाही. तिकडे उत्तरेत लीग गुंडाळली, तिच्या जागी प्रादेशिक लीग आली, पण आयरिश कप थांबला नाही. एप्रिल १९४१ मध्ये बेलफास्टवर बॉम्बवर्षाव झाला, आणि त्याच साली कप बेलफास्ट सेल्टिकनं नेला. दक्षिणेनं तटस्थ राहून युद्धाला ‘आणीबाणी’ असं सोवळं नाव दिलं आणि आपला कप खेळत राहिली. १९४२ पासून दोन्हीकडचे क्लब एकमेकांशी खेळू लागले ते आपण पाहिलंच. तिकडचे कप टिकले कारण क्लब गल्लीतले होते, पोरं त्याच गल्लीतली. आमचा कप टिकला तो पाहुण्यांच्या जिवावर. पाहुणे गेले आणि १९४७ ला रोव्हर्स झालाच नाही.

या सगळ्या खाकी यादीत दोनच नावं मुलकी. मोहमेडन स्पोर्टिंगनं १९४० ला रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात बंगलोर मुस्लिम्सना १–० नं हरवलं, आणि त्याच डिसेंबरात दिल्लीला ड्युरँड कपही मारला. समोर रॉयल वॉरविकशायर रेजिमेंट होती, निकाल २–१. ड्युरँड जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. त्या वर्षी ड्युरँड शिमल्याच्या डोंगरावरून खाली दिल्लीत उतरला होता. गोऱ्यांचा हा लाडका कप एकदाचा हिंदी संघाच्या हाती पडला, आणि पुढच्या वर्षापासून युद्धामुळे स्पर्धाच बंद. ती थेट स्वातंत्र्यानंतर पुन्हा सुरू झाली. योगायोगच असेल, पण माझ्यासारख्या संशयी माणसाला तो टोचतो.

दुसरं नाव बाटाचं. १९४२ म्हणजे ‘चले जाव’चं साल. मुंबईत त्या वर्षी क्रिकेटची पंचरंगी झाली नाही. ज्या स्पर्धेसाठी सगळी मुंबई लोटायची ती बंद, आणि फुटबॉलचा रोव्हर्स मात्र चालू. जिंकलं कोण, तर कलकत्त्याजवळच्या बाटानगरचा, जोडे बनवणाऱ्या कंपनीचा संघ. त्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकलाही आपल्या संघातले कितीतरी जण अनवाणीच उतरले. अनवाणी देशात जोडेवाल्यांनी कप न्यावा, आणि त्या जोडेवाल्यांचं मूळ गाव झ्लीन तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली असावं! कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर आपण त्याला नावं ठेवली असती.

१९४४ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ बोट फुटली. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत. शेकडो माणसं गेली, गोदीचा कोळसा झाला. तरी त्या सालचा कप झालाच. तो कुणी नेला ते वर आलं आहे.

राहता राहिला आपला जिल्हा. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबई परमुलूख. आपला संघ म्हणायचा तर हैदराबादचा, आणि त्याला रोव्हर्सवर मोहोर उठवायला १९५० साल उजाडावं लागलं. पण गुरुजींना एक गोष्ट ठाऊक होती. पोस्टकार्डावर जागा नव्हती म्हणून फोनवर सांगितली. त्यांचे वडील पूर्णेला रेल्वेत होते. लढाईच्या दिवसांत सैनिकांची एक गाडी इंजिनला पाणी घ्यायला थांबली, डब्यातून चेंडू बाहेर आला आणि यार्डाशेजारच्या मोकळ्या जागेत गोरे एका बाजूला, रेल्वेची पोरं दुसऱ्या बाजूला असा खेळ सुरू झाला. गोल कुणाचा किती ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. इंजिननं शिटी दिली तशी सगळे डब्यांकडे धावले, आणि चेंडू बाभळीत अडकून राहिला.

तो त्यांच्या घरी अजून आहे म्हणाले. चामडं वाळून सुपारीसारखं झालंय, तोंडाची वादी शाबूत आहे, आतला ब्लॅडर मात्र केव्हाच उंदरांनी खाल्ला. येत्या रविवारी सेलूला जाऊन बघून येतो. रहीमसाहेबांचं त्यानंतर.