हळदीचा डाग आणि मुलाचा ‘का?’

प्राथमिक शाळेत येणारे मूल दिवसाकाठी किती प्रश्न विचारते, याची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाही. मात्र चौथी इयत्ता ओलांडेपर्यंत त्या प्रश्नांची संख्या ओसरू लागते, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना व पालकांना आहे. मुलाची जिज्ञासा वयाबरोबर आपोआप आटते, असे मानण्याचे कारण नाही. तिला वेळोवेळी मिळणारे उत्तर बहुधा एकच असते : “गप्प बस, उशीर होतो आहे.” एका साध्या प्रश्नाचा मान राखला तर तो मुलास व त्याच्या घरास कोठवर नेऊ शकतो, हे सांगली जिल्ह्यातील प्रत्येक घरी असणाऱ्या एका वस्तूच्या आधारे पाहता येईल. ती वस्तू म्हणजे हळद.

जेवताना सदऱ्यावर आमटी सांडते. आई डागावर साबण चोळते आणि पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो. स्वच्छ पाण्याने खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. मूल विचारते, “आई, डाग लाल का झाला गं?” हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. रसायनशास्त्रातील एक मूलभूत गोष्ट त्यात दडलेली आहे.

हळदीचा पिवळा रंग तिच्यातील कुरकुमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. लिंबू, चिंच, ताक यांसारख्या आंबट, म्हणजे आम्लधर्मी पदार्थांत हे द्रव्य पिवळेच राहते. साबण, धुण्याचा सोडा, लाकडाची राख, चुना हे पदार्थ त्याच्या उलट गुणाचे, म्हणजे अल्कधर्मी आहेत. त्यांच्या सहवासात कुरकुमिनच्या कणांची रचना किंचित बदलते व ते तांबडे दिसू लागते. आम्ल मिळताच रचना पूर्ववत होते आणि पिवळा रंग परततो. घरोघरीच्या आजीबाईंना हा गुण नावानिशी नसला तरी अनुभवाने ठाऊक होता. ओवाळण्यासाठी हळदीच्या पाण्यात चुना कालवून तांबडे पाणी करण्याची रीत आणि हळदीपासून कुंकू तयार करण्याची जुनी कृती ही दोन्ही याच गुणावर आधारलेली आहेत. डागाचा सदरा उन्हात वाळत घातला असता डाग फिका पडतो, हेही आईला माहीत असते. सूर्यप्रकाशाने कुरकुमिनचे विघटन होते, हे त्याचे कारण होय.

वर्गात हा पाठ घेण्यास खर्च जवळजवळ नाही. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. कुरकुमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून शिक्षकांनी स्वतः, विस्तवापासून दूर राहून, स्पिरिटमध्ये हळद भिजवून घेतल्यास पट्ट्या अधिक चांगल्या होतात. मग मुलांनी घरून आणलेले पदार्थ एकेक करून तपासावेत आणि पिवळा राहणारा व तांबडा करणारा अशा दोन याद्या मुलांकडूनच लिहून घ्याव्यात. चुन्याची निवळी मात्र शिक्षकांनीच हाताळावी. चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होते.

ही कागदाची पट्टी म्हणजे पोरखेळ असे कोणास वाटल्यास त्याने मायकेल फॅरडे याचे चरित्र वाचावे. इंग्लंडमधील एका लोहाराच्या घरी १७९१ साली जन्मलेला हा मुलगा शिक्षण अर्धवट राहिल्याने पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागला. बांधणीस आलेली पुस्तके तो नुसती बांधीत नसे. ती वाचून त्यांतील लहानसहान प्रयोगही करून पाही. विजेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध संशोधनात त्याने लिटमसच्या कागदाबरोबर हळदीचा कागदही वापरला. पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर तो नाताळच्या दिवसांत मुलांसाठी व्याख्याने देई. त्यांतील मेणबत्तीवरील व्याख्यानमाला १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मेणबत्ती का जळते व का विझते, एवढ्याच प्रश्नाभोवती ते सारे पुस्तक उभे आहे.

विझणाऱ्या ज्योतीचा हा प्रश्न सांगलीकरांना परका नाही. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव. हे गाव हळदीच्या पेवांसाठीही प्रसिद्ध आहे. तेथील मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद भरीत व तोंड बंद करीत. हळद अशी वर्षानुवर्षे टिके. २००५ सालच्या महापुरात यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली व ती पद्धत मागे पडली. तथापि पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, हा तेथील जुना दंडक आजही सांगण्यासारखा आहे. बंद पेवात आतील हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो व कार्बन डायऑक्साइड साचतो. अशा हवेत किडा जगत नाही, म्हणून हळद सुरक्षित राहते. परंतु ज्या कारणाने किडा जगत नाही, त्याच कारणाने माणूसही जगत नाही. “पेवात कंदील का विझतो?” हे विचारणाऱ्या मुलाला हे कारण समजले, तर जुनी विहीर, बंद टाकी वा गोबरगॅसचा खड्डा यांपासून ते आयुष्यभर सावध राहील. कंदील जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक आहे, असे मात्र समजू नये. विषारी वायू असूनही ज्योत टिकू शकते. यास्तव अशा जागी मुलांनी कदापि उतरू नये, हे निक्षून सांगावे.

दुसरा प्रश्न शेताचा आहे. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात अतिरिक्त पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे पुष्कळ जमीन खारवट व चोपण झाली आहे. चोपण जमीन अल्कधर्मी असते. ती ओली असता चिकट होते, वाळली की दगडासारखी घट्ट बनते व तिच्यावर पाणी साचून राहते. हळदीच्या कागदाची ओळख झालेले मूल एके दिवशी शेतातील माती पाण्यात कालवते, गाळ खाली बसू देते व वरच्या पाण्यात पट्टी बुडवते. माती फारच चोपण असल्यास पट्टीस किंचित तांबूस छटा येऊ शकते. पट्टी पिवळी राहिली तर जमीन चांगली आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. क्षार वाढलेली खारवट जमीन या पट्टीस ओळखू येईलच असे नाही, आणि खरा निर्णय माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतच होतो. परंतु ओंजळभर माती घेऊन मूल वडिलांना म्हणते, “बाबा, ही माती एकदा तपासून आणूया का?” या एका वाक्याने घरात निचऱ्याचे चर, जिप्सम, ताग व धैंचा यांची चर्चा सुरू झाली, तर साबणाच्या डागापासून निघालेला प्रश्न त्या कुटुंबाच्या भाकरीपर्यंत येऊन पोहोचला असे म्हणावे लागेल.

आता पुस्तकांविषयी. मुलाच्या सर्व प्रश्नांची उत्तरे शिक्षकास किंवा आईवडिलांस ठाऊक असावीत, अशी अपेक्षा कोणी करू नये. “मला ठाऊक नाही, आपण शोधू,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. उलट, मोठी माणसेही शोधतात, हे मुलास त्यातूनच कळते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले व १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. आज तो भ्रमणध्वनीवरही वाचता येतो. ‘हळद’ ही नोंद मुलांसमवेत काढून वाचावी. आले व वेलदोडा हे हळदीचेच कुटुंबीय आहेत, हे वाचून मुलांना नवल वाटेल. मात्र अनुक्रम ध्यानात ठेवावा : आधी डोळ्यांनी पाहावे, मग हाताने करून पाहावे आणि त्यानंतर पुस्तक उघडावे. असे वाचलेले मूल विसरत नाही.

वर्गाच्या भिंतीवर ‘आमचे प्रश्न’ या नावाची एक वही टांगून ठेवावी. ज्यास जो प्रश्न पडेल, तो त्याने तीत लिहावा; लिहिता न येणाऱ्यासाठी शिक्षकांनी लिहावा. दर शनिवारी त्यांतील एक प्रश्न घ्यावा. घरातील जाणत्यांनाही विचारून येण्यास सांगावे. हळद कशी शिजवतात, जेठे गड्डे बेण्यासाठी निराळे का ठेवतात, हे आजोबांहून अधिक चांगले कोण सांगणार? शाळेचा प्रश्न घरी जाईल व घरचे ज्ञान शाळेत येईल.

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले व तिचे नाव कायद्याने राखले गेले. मुलाच्या प्रश्नाचे रक्षण कोणत्याही कायद्याने होत नाही. उशीर होत असतानाही क्षणभर थांबून “खरंच, का बरं झाला असेल?” असे म्हणणाऱ्या आईकडून आणि शिक्षकाकडूनच ते होते.