ताडोब्याचे खांब

ताडोब्याला पाहुणा नेला की त्याचा प्रश्न ठरलेला : वाघ कुठे आहे? मी मात्र आधी मोहर्लीहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचे उंच दगडी खांब दाखवितो. गोंडराजांच्या काळी त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवीत व स्वारीची वर्दी चांद्याला पोचवीत, असे जुनी माणसे सांगतात. केवढी ही युक्ती!

तळ्यात मगरी, काठावर चितळ आणि झाडाखाली तारूचे ठाणे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख देव झाला. ताडोबा हे नाव त्याचेच, असे मानतात. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे व्याघ्रप्रकल्पामुळे आतली काही गावे हलविली गेली. तारूबाबा आतच राहिला, त्याचे लोक बाहेर आले. शाळेचे तोंडही न पाहिलेले माझे आजोबा पौषात बैलगाडीने त्याच्या जत्रेला जात. मला तिकीट काढून, वाटाड्या सोबत घेऊन जावे लागते.